ग्रे म्हणजे ग्रे

वाळवंटातल्या कलामहोत्सवाला चला म्हटल्यावर पप्पांनी पहिला प्रश्न विचारला, "वाळू बघायला राजस्थानला कशाला? आपल्या खाडीत काय कमी वाळू हाय?"

मी म्हटलं, तिथं वाळूत मोठमोठी शिल्पं उभी करतात, गाणंबजावणं असतं, लांबलांबून कलाकार येतात.

"आन् वारा सुटला म्हणजे?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे तोंडात वाळू," असं म्हणून ते परत खिडकीबाहेर बघत बसले.

मी शाळेत चित्रकला शिकवते. निदान वेळापत्रकात तसं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात मी स्वागताचे फलक रंगवते, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवते आणि गणिताच्या बाई रजेवर असल्या की त्यांचा वर्ग सांभाळते. माझ्याबरोबर डिप्लोमा केलेली एक मैत्रीण मात्र खरीखुरी कलाकार झाली. तिचं बांबूचं काहीतरी यंदा त्या महोत्सवात उभं राहणार होतं आणि तिने मला दोघांचे पास पाठवले होते. दुसरा पास कुणाचा यावर घरात वाद नव्हता. आईचे गुडघे दुखतात, शिवाय परक्या ठिकाणच्या संडासांबद्दल तिची मतं ठाम आहेत. राहिले पप्पा. आता तेवढं पप्पांनी कबूल करायचं बाकी होतं.

खरं सांगायचं तर मला त्यांना कलाबिला काही दाखवायची नव्हती. मला त्यांना त्या खिडकीजवळच्या खुर्चीतून उठवायचं होतं.

पप्पा भिवंडीत नारपोलीतल्या एका गोदामात कापड तपासायचे. लूमवरून उतरलेला तागा तिरक्या टेबलावरून ओढत न्यायचा, कुठे धागा तुटलाय, कुठे तेलाचा डाग पडलाय ते हेरायचं आणि खडूने खूण करायची. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी हेच केलं. मग मालकाने धंदा गुंडाळला. त्या गोदामात आता ऑनलाइन मागवलेल्या मालाची खोकी असतात, आणि पप्पा घरी असतात. घरी आल्यावर त्यांनी आमच्यात फॉल्ट काढायला सुरुवात केली. चादरीत, आईच्या साडीत, पाहुण्यांच्या शर्टात. मला बघायला आलेल्या मुलाच्या वडिलांना त्यांनी चहाचा कप हातात देता देता सांगितलं की तुमच्या खिशाची चौकडी शर्टाच्या चौकडीशी जुळत नाही. ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही. त्याबद्दल मी पप्पांची आजही ऋणी आहे.

हे चालू होतं तोवर बरं होतं. मग फॉल्ट काढणंही थांबलं. ते बाहेर जाईनासे झाले, दूधसुद्धा आईच आणायला लागली. कारण मला माहीत होतं. धामणकर नाक्यावर जरा उभं राहिलं की ओळखीचं कुणीतरी भेटतंच, आणि भेटेल तो विचारतो, "मग, सध्या काय चालूय?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण पप्पांकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ते नाक्यावर जात नव्हते. मला ते बघवायचं नाही. वाईट वाटायचं आणि रागही यायचा, मग मी भांडी आपटत घासायचे.

अशात एका संध्याकाळी महोत्सवाच्या सूचना फोनवर आल्या. मी जेवता जेवता त्या मोठ्याने वाचत होते. पाणी जवळ ठेवा, गरम कपडे आणा, वाळूत कचरा टाकू नका. "आणि पहिल्या संध्याकाळी सर्व पाहुण्यांनी ग्रे कपडे घालावेत."

पप्पांचा घास हातातच राहिला. "ग्रे?"

"ग्रे."

"असं लिवलंय?"

"असंच लिहिलंय."

"मंग डोकं हाय त्यांना," पप्पा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी परत भात मागून घेतला.

भिवंडीबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं की आमच्याकडे ग्रे हा रंग नाही. ग्रे म्हणजे लूमवरून उतरलेलं कोरं कापड. न धुतलेलं, न रंगवलेलं, सायीच्या रंगाचं आणि खळीमुळे हाताला कडक लागणारं. इथे ग्रेचा भाव असतो, ग्रेची गोदामं असतात, ग्रेवरून लोकांची भांडणं होतात. पप्पांनी आयुष्यभर ग्रे तपासला आणि मी त्याच कापडाच्या दुपट्यांत वाढले. त्यामुळे काळ्यात पांढरा मिसळून राखाडी कसा करायचा हे पोरांना शिकवणारी मी बाई, क्षणभरही अडखळले नाही. कलाकार मंडळी आहेत, म्हटलं, कोरं कापड अंगावर घालून वाळूत उभी राहणार असतील. मला ती कल्पना फार आवडलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर खुर्ची रिकामी. "नाक्यावर गेलेत," आई म्हणाली. "शेअर रिक्षाने." सांगताना तिचाच विश्वास बसत नव्हता.

पप्पा आले ते बगलेत कापड घेऊन. कोण कोण भेटलं, कोण टकला झाला, कुणी लूम भंगारात काढले, सगळं पायातल्या चपला न काढताच सांगून झालं. "इचारत होते, काय चालूय. म्हटलं, राजस्थानला चाललोय. कापडाच्या कामाने."

"कापडाचं कसलं काम, पप्पा?"

"मंग ग्रे नाय का न्यायचा तिकडं?"

पुढे खळ काढण्यासाठी घरातल्या सगळ्या बादल्या अडकल्या आणि आम्ही तांब्याने आंघोळ केली. कापड गच्चीवर वाळलं तेव्हा पप्पा त्याच्याजवळ असे उभे होते की कावळ्याची हिंमत झाली नाही. मग ते घेऊन ते शेलार गावातल्या त्यांच्या ओळखीच्या टेलरकडे गेले. मी बरोबर होते, मापं द्यायला. टेलरने कापड चिमटीत धरून पाहिलं. "चाचा, ये तो ग्रे है. पहले धुलाई-रंगाई तो करवा लो."

"अरे भाई, उन्होंने यहीच मंगाया है."

"कौन लोग हैं?"

"समझदार लोग हैं," पप्पा म्हणाले. टेलरने मान हलवत टेप काढली.

कुर्ते शिवून आले. घालून बघितले, आणि आम्ही दोघं ते घालून जिन्यात फोटो काढत असताना खालच्या काकू वर आल्या. आमच्या वस्तीत पांढरे कपडे निघाले की एकतर विहारात कार्यक्रम असतो, नाहीतर दुसरं काहीतरी. काकूंनी आवाज एकदम खाली आणला. "कोण गेलं?"

"कुणी नाय गेलं," आई म्हणाली. "हे दोघं जाणार हायेत." त्यावर काकूंचा चेहरा आणखीच पडला.

तो फोटो मी मैत्रिणीला पाठवला. तिचा लगेच फोन आला आणि आधी बराच वेळ फक्त हसण्याचा आवाज. "अगं, उपोषणाला बसणार आहात का? ग्रे म्हणजे राखाडी! ढगाचा रंग! तू चित्रकला शिकवतेस ना?"

मीही हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. फोन ठेवला तेव्हा मात्र माझ्या लक्षात आलं की पप्पा ज्या एका शब्दावर खुर्चीतून उठले होते तो शब्दच चुकीचा होता.

स्वयंपाकघरात आईशी कुजबुज केली. "सांगू नको," ती म्हणाली. "तिथं गेल्यावर कळंल तवा कळंल." मला ते पटेना. राखाडी लोकांच्या एवढ्या गर्दीत पप्पा एकटे सायीच्या रंगाचे उभे आहेत, अख्ख्या ताग्यात एकच डाग असावा तसे, आणि माणसं त्यांच्याकडे वळून बघताहेत, हे माझ्या डोळ्यांपुढून जाईना. त्यांची अशी फजिती व्हायला मीच त्यांना नेत असेन तर मग न गेलेलं बरं.

पप्पा पलंगावर बॅग उघडून बसले होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं. "पप्पा, घोळ झालाय. त्यांचा ग्रे म्हणजे आपला ग्रे नाही. राखाडी रंग. शाळेच्या चड्डीचा असतो तसला."

"राखाडी?"

"हो."

"सगळेच राखाडीत?"

"सगळेच. आपण आजच बाजारात जाऊ, राखाडी घेऊन येऊ."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि कुर्त्याची घडी घालायला लागले. एक बाही आत, मग दुसरी बाही आत. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार आणि या वेळी त्याला मी बसवलेलं असणार. मला स्वतःचा, त्या मैत्रिणीचा, त्या अख्ख्या वाळवंटाचा संताप आला.

"तिथं भिवंडीचं कोण असंल?" पप्पांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मालकाच्या वळखीचं? नाक्यावरचं?"

"पप्पा, वाळवंट आहे ते. तिथं तुम्हाला ओळखणारी मी एकटी."

त्यांचा चेहरा असा सैल पडला की कित्येक महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"एकटी तूच?"

"एकटी मीच."

"मंग बेस हाय," पप्पा म्हणाले. "मंग कसलाबी का असंना रंग."

म्हणजे मी ज्या परक्या लोकांना घाबरत होते त्यांची पप्पांना काहीच पडली नव्हती. त्यांना आपल्याच माणसांपासून चार दिवस लांब जायचं होतं, जिथे त्यांना ओळखणारं कुणीच नसेल अशा ठिकाणी. आणि त्या कुणीच नसण्यात माझी त्यांना अडचण नव्हती. त्यांनी स्वतःचा कुर्ता बॅगेत ठेवला, मग हात पुढे केला आणि माझाही मागून घेतला.

मला रडू फुटलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी आत गेले आणि एवढा चिवडा कशाला देतेस म्हणून आईवर ओरडले.