दुसरी कॅसेट

खिडकीबाहेर सावरीची बोंडं फुटली होती. कापूस हवेत तरंगत होता, त्याला कुठे पोचायची घाई नव्हती. घरात माझ्या बहिणीच्या मुलीची, शालनची, गाणी लागली होती. तिनेच लिहिलेली, तिनेच गायलेली, एका डबीत दोन कॅसेटी. पहिली घरोघर वाजते. दुसरीबद्दल पेपरात आलं, की उगीच पाल्हाळ आहे.

"मावशी, आता नवीन डब्यांतून दुसरी काढूनच टाकते," शालन म्हणाली. "लोक ती लावतच नाहीत."

ती दुसरीच ऐकताना माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा गाणं चालूच होतं. मी झोपले म्हणून ते थांबलं नव्हतं की रुसलं नव्हतं. पहिल्या कॅसेटीत ही पोरगी सारखी लोकांच्या तोंडाकडे बघत गाते. इथे ती नदीत पाय सोडून एकटीच बसल्यासारखी वाटत होती.

"झोपलीस ना? बघ, कंटाळवाणीच आहे."

"झोपले. पहिली मला झोपू देत नाही, फार गडबड करते. ही काढलीस तर चारचौघांत गायलेली गाणी तेवढी उरतील. घरात गायलेली निघून जातील."

शालनने कॅसेट उलटी करून लावली, आवाज थोडा कमी केला आणि माझ्या शेजारी आडवी झाली.