ओट्यावरची खूण

ऐंशी सालाच्या आसपास आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीतले बहुतेक ओटे एकाच गवंड्याने बसवले. माणूस तुसडा. कडप्प्याच्या दोन फरश्या कुठे जोडायच्या, हे तो घरच्या बाईलाच विचारी. तिला कणीक मळल्यासारखे हात फिरवायला लावी आणि तेवढी जागा भिंतीवर खडूने आखून ठेवी.

"हितं सांधा नाय यायचा. पीठ अडकतं. मालकाला काय कळतंय त्यातलं?"

माझ्या बायकोनेही हसत हात फिरवले होते. फरश्या यायच्या आधीच ती गेली.

"आता कुठेही जोडा," मी म्हणालो.

त्याने पुसट झालेली खूण खडूने पुन्हा गडद केली.

"जागा बाईंनी सांगितलीय."

तिथे आता मीच कणीक मळतो. हाताला सांधा लागत नाही.