शेठच्या डोळ्याचं पाणी

आमच्या घराला एकच जिना, आणि तो उतरतो थेट दुकानात. चष्म्याचं दुकान आहे आमचं. खाली हे लोकांचे डोळे तपासतात, काचा घासतात, आणि वर आम्ही राहतो. बाहेर पाऊल टाकायचं तर ह्यांच्या खुर्चीसमोरूनच जावं लागतं, आणि मग सुरू होतो प्रश्नांचा ससेमिरा. कुठे निघालात, कशाला, किती वेळ लागेल? आवाज कधी चढत नाही ह्यांचा. चढला असता तर भांडता तरी आलं असतं.

मला निदान भांडायची हौस आहे. माझ्या नणंदेला तीही नाही. ताई ह्यांच्याहून मोठ्या. सासूबाई गेल्यावर त्यांनीच ह्यांना वाढवलं. पन्नाशीच्या भावाला अजून 'बाळ' म्हणतात. लग्न झालं, मोडलं, त्या परत आल्या आणि मधल्या खोलीत राहिल्या त्या राहिल्याच. त्या खोलीला खिडकी नाही. तिथे दिवा लावून त्या शिंप्यांच्या शर्टांना काजं करतात, बटणं लावतात. कुणी त्यांची चौकशी केली की ह्यांचं उत्तर तयार असतं, "ताईला इथे काय कमी आहे?" ताई हसून मान हलवतात. आपण भावाच्या घरात राहतो हे त्या कधी विसरल्या नाहीत, आणि हे घरही त्यांना ते विसरू देत नाही.

अशात घरी ससा आला. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! एक गिऱ्हाईक परगावी जाताना पिंजऱ्यासकट दुकानात ठेवून गेलं. आठवड्याने येतो म्हणालं, ते आलंच नाही. ताईंनी हौसेनं ठेवून घेतला. ह्यांनी अट घातली. "घाण नको, वास नको. आणि आजारी पडला तर त्याच दिवशी बाहेर. खाली लोक डोळे दाखवायला येतात, वर रोगट जनावर नको."

ससा पांढरा, ढेरपोट्या, बसल्या जागी खाणारा. मी त्याचं नाव शेठ ठेवलं. काजं करताना तो ताईंच्या पायाशी पसरलेला असायचा आणि त्या त्याच्याशी हळू आवाजात बोलत असायच्या. आमच्याशी त्या एवढं कधी बोलल्या नाहीत. हेवा वाटायचा मला, खोटं का सांगू?

एका सकाळी त्यांच्या दारामागे मला चिंध्या वाळत घातलेल्या दिसल्या. मऊ सुती चिंध्या, आणि त्यांवर पिवळे डाग.

"ताई, हे काय?"

त्यांचा चेहरा उतरला. "शेठच्या डाव्या डोळ्याला पाणी येतंय गं. उठल्या उठल्या पुसून टाकते, बाळला दिसायला नको. नुसतं पाणी आहे, स्वच्छ. जाईल आपोआप."

"स्वच्छ? अहो, पू आहे हा, पिवळाधम्मक! डोळे फुटले का तुमचे?" माझी जीभ ही अशी. मी शेठला उचलून दिव्याजवळ धरलं. डोळा अर्धा मिटलेला, खालचे केस झडून कातडी लाल झालेली. वाटीतला पाला कालचा तसाच पडला होता, आणि पिंजऱ्यात लेंडी एक नाही.

"ह्याला आजच डॉक्टरकडे न्यायला हवं."

"कसा नेणार? जिना दुकानात उतरतो."

एवढंच म्हणाल्या त्या, पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. एका सशाला डॉक्टरकडे न्यायचं, तर आम्ही दोन मोठ्या बायका चोरांसारखं कुजबुजत होतो!

शेवटी शर्टांची पिशवी घेतली. तळाशी शेठ, वर दोन शर्ट सैलसर टाकले.

"दोघी कुठे निघालात?" ह्यांनी विचारलंच.

"शर्ट पोचवायला," ताई म्हणाल्या.

"त्याला दोघी कशाला?"

"ओझं आहे," मी म्हटलं. ह्यांनी पिशवीकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि पुन्हा काच घासायला घेतली. शेठने हूं की चूं केलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात सावकाश चालायचा त्यांचा. त्यांनी शेठच्या डोळ्यात हिरवा रंग घालून ओरखडा नाही ना ते पाहिलं, मग तोंड उघडून दाढा पाहिल्या.

"गवत खात नाही वाटतं?"

"गाजर आवडतं त्याला," ताई म्हणाल्या.

"सशाचे दात जन्मभर वाढतात. गवत चावलं नाही तर ते झिजत नाहीत. मग दाढांची मुळं वर सरकतात आणि डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी दाबली जाते. पाण्याला जायला वाट उरत नाही, म्हणून ते गालावर ओघळतं. नुसतं पाणी असेल आणि ससा खातपीत असेल, तर एक-दोन दिवसांत दाखवलं तरी चालतं. पण पू आला, डोळा मिटला किंवा खाणं थांबलं, तर त्याच दिवशी यायचं. खाणं थांबलं की सशाचं पोट बंद पडतं, मग हातात काही राहत नाही. आणि माणसांचे थेंब घालू नका."

मी मान डोलावली. आमच्याकडे थेंबांना काय तोटा!

"पण हा तर परवापर्यंत चांगला होता," ताई म्हणाल्या.

"लपवतात ते. उघड्यावर जो आजारी दिसतो, त्याच्यावर आधी झडप पडते. म्हणून अगदी गळ्याशी येईपर्यंत दुखणं दाखवतच नाहीत."

"हो," ताई म्हणाल्या, आणि शेठच्या कानावरून हात फिरवत राहिल्या.

बाईंनी नळी धुतली, थेंबांची बाटली दिली, आणि दाढा घासायला पुन्हा बोलावलं. पुन्हा म्हणजे पुन्हा तो जिना, पुन्हा ती पिशवी. मी परतताना त्याचाच विचार करत होते. दुकानाच्या दाराशी ताई थांबल्या, शेठला पिशवीतून काढून छातीशी धरलं आणि आत शिरल्या.

एक गिऱ्हाईक फ्रेमा पाहत होतं. हे उठून उभे राहिले.

"हा बाहेर कसा?"

"आजारी आहे. डोळ्यात पू झालाय. औषध आणलंय, बरा होईल." ताईंनी सगळं एका दमात सांगितलं. "पुन्हा न्यावा लागेल, बाळ."

"ताई, मी काय सांगितलं होतं?"

"डोळ्याला पाणी आलं म्हणून कुणी कुणाला घराबाहेर काढतं का?" मी म्हटलं. गिऱ्हाइकाने हातातली फ्रेम गुपचूप खाली ठेवली.

ताई बाटली काउंटरवर ठेवायला गेल्या आणि काउंटरच्या अलीकडेच सोडली. बाटली फरशीवर पडून घरंगळत गेली. मी ती उचलली. हे मात्र ताईंकडेच बघत राहिले. काही झालं तरी धंदा डोळ्यांचाच.

"ताई, इकडे बस जरा."

"मला काय धाड भरलीये? चांगली आहे मी."

"बस."

शेठला मांडीवर घेऊन त्या तपासायच्या खुर्चीत बसल्या. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता.

"वाच."

ताईंनी वाचायला सुरुवात केली. वरचं मोठं अक्षर, त्याखालची दोन, मग पुढची ओळ, अगदी खालच्या मुंगीएवढ्या अक्षरांपर्यंत, कुठेही न अडखळता. मला हायसं वाटलं. मग माझं लक्ष तक्त्याकडे गेलं. ताईंनी सुरुवात 'म'ने केली होती, आणि भिंतीवर सगळ्यात वर 'ट' होता. जुना तक्ता पिवळा पडला म्हणून ह्यांनी मागच्या महिन्यात काढला होता. नव्यासमोरून ताई रोज ये-जा करत होत्या.

ह्यांनी त्यांना मधे थांबवलं नाही. ओळ संपू दिली. मग खुर्चीपाशी येऊन वाकून म्हणाले, "ताई, तक्ता बदललाय गं."

शेठच्या पाठीवरचा त्यांचा हात थांबला.

"काजं मी बोटांनी चाचपून करते, बाळ," त्या घाईघाईने म्हणाल्या. "अजून एकही चुकत नाही. शिंप्याला विचार हवं तर." आणि थोडं थांबून, "मग आता मलाही बाहेर काढशील का रे?"

टोमणा असता तर मी टाळी दिली असती. पण ताईंना टोमणे मारता येत नाहीत. त्या खरंच विचारत होत्या.