आमचा पंप आणि दादासाहेबांचा कुळाचार

बिघडलेल्या पंपाचं एक बरं असतं. पाणी चढो न चढो, किस्से मात्र भराभर साठतात! ग्वाल्हेरच्या थाटीपुरात आमचं तीन मजली घर. खाली चुलत सासरे दादासाहेब, मध्ये धाकटे दीर नंदूभावजी, वर आम्ही. पंप सगळ्यांत मिळून एकच. बटण दाबलं की जरासा घरघरतो, आणि खट्! ब्रेकर पडतो. त्यातच दादासाहेबांच्या नातीला, ऋचाला, बघायला पुण्याची मंडळी मुक्कामी येणार होती. घरात पाणी नाही हे कळलं की स्थळ हातचं गेलंच!

*

खांडेनवमीला आमच्या घराण्यात हत्यारं पुजतात. तलवारी कधीच गेल्या, म्हणून पंप पुजतात. यंदा दादासाहेबांनी मोटारीला तांब्यातांब्यानं स्नान घातलं.

मी म्हटलं, "आत पाणी जाईल हो."

"सूनबाई, पाण्याचाच पंप ना? मग पाण्याला काय भितो!"

कधीमधी पडणारा ब्रेकर तेव्हापासून रोज पडायला लागला.

*

फौजी घराण्याला बिघाड पुरत नाही, शत्रू लागतो. "शेजारी आपली लाइन खेचतायत!" असं ठरवून दादासाहेब रोज सकाळी त्यांच्या मीटरकडे रोखून बघत बसले. शेवटी शेजाऱ्यांनी मीटरला पडदा लावला. आमचा ब्रेकर पडायचा तो पडतच होता.

*

मग गावातल्याच हजिरा भागातून इलेक्ट्रिशियन आला. पंपाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. "भाभीजी, ब्रेकर छोटा पड़ रहा है. बड़ा लगा देते हैं."

लावला. आता पंपाचा ब्रेकर पडेना, सबंध घराचा मेन पडायला लागला. तीन दिवस आम्ही बादल्या वाहत होतो तेव्हा कोणी हललं नाही. दादासाहेबांची मालिका ऐन रंगात असताना टीव्ही बंद पडला, तेव्हा प्रकरण गंभीर झालं!

*

नंदूभावजींनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि ब्रेकर, मेन, सगळं बाजूला काढून तारा थेट जोडल्या. "वहिनी, डायरेक्ट कर दिया! आता ट्रिप होऊनच दाखवू दे!"

टाकी भरून वाहिली. मी नळाखाली हात धरला, तर कोपरापर्यंत झिणझिण्या!

"भावजी, पाण्यात करंट येतोय!"

"थोडा तो रहेगा, वहिनी. प्रेशर बघा ना!"



*

तारा काढाव्यात तर पाणी जाणार, आणि पाहुणे दारात. दादासाहेबांनी न्हाणीघराबाहेर नव्या रबरी चपला ओळीनं मांडल्या.

मुलाच्या आई बिचकल्या. "अंघोळ चपला घालून?"

"कुळाचार आहे आमचा," दादासाहेब शांतपणे म्हणाले. "ग्वाल्हेरात आल्यापासून पाळतो."

मंडळी भक्तिभावानं न्हाली. परत गेल्यावर त्यांचा फोन आला. दादासाहेबांनी स्पीकर लावला.

"मुलगी पसंत आहे! एकच विचारायचं होतं. ऋचाचा कुळाचार आमच्याकडे मोडायला नको. आधी उजवी चप्पल घालायची की डावी?"

दादासाहेबांनी क्षणभर डोळे मिटले.

"पुरुषांनी उजवी," ते म्हणाले. "सवाष्णींनी डावी."