तीन मंडळींच्या खुर्च्या

सलोमीबाई गेल्याचं मला सोमाभाऊने फोनवर कळवलं. "मास्तर, बाई गेली हो," एवढं म्हणून तो थांबला, नाक शिंकरलं, आणि मग म्हणाला, "खुर्च्या मी काढून ठेवतो. तुमी या लवकर." सोमाभाऊ आमच्या तलावावर मासे धरणारा माणूस. लग्नकार्य सोडलं तर चर्चची पायरी त्याने कधी चढलेली नाही. तरीही आमच्या तिन्ही मंडळींच्या खुर्च्या कुठे असतात, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक... डोळे भरले होते, पण खरं सांगतो, हसूही आलं. बाईंच्या मरणाची बातमी खुर्च्यांशिवाय येणं शक्यच नव्हतं.

सावली तालुक्यातलं आमचं गाव तसं लहान, पण चर्च तीन. आमची मराठी मंडळी, कॅथलिकांचं चर्च आणि सिरोंचाकडून आलेल्या तेलुगू भावांचं प्रार्थनाघर. तिघांचा देव एक, पण नाताळात भोंगे तीन, आणि प्रत्येकाला वाटे आपलाच आवाज वर पोचतो. सलोमीबाई कॅथलिक. दवाखान्यातली नर्सची नोकरी संपवून घरी बसल्या, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. बसल्या मात्र कधीच नाहीत. एका नाताळात तिन्हीकडे खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा त्यांनी आपल्या अंगणातली टिनाची खोली झाडून काढली आणि सांगितलं, सगळ्यांच्या खुर्च्या इथे ठेवा, ज्याला लागतील तो नेईल.

मी आमच्या मंडळीचा सचिव. स्वभावाने तापट, आणि वस्तूंच्या बाबतीत तर फारच. मी ताडकन म्हटलं, "उद्या आमची कुठली आणि त्यांची कुठली, हे कळायचं कसं?"

"कळून काय करता, मास्तर? खुर्चीत बसाले बूड लागते, नाव नाई लागत."

मी ऐकतोय होय! निळा ऑइलपेंट आणला आणि आमच्या प्रत्येक खुर्चीवर 'म. मं.' असं लिहिलं. लांबून ओळखू यावं म्हणून समोरून, जिथे पाठ टेकते तिथेच. फळ्यावर उभी हयात गेलेली, त्यामुळे अक्षर सुबकच आलं. माझं पाहून कॅथलिकांनी लाल क्रूस काढले, तेलुगू भावांनी हिरव्या रंगात त्यांचं अक्षर काढलं. बाईंनी सगळ्या खुर्च्या शांतपणे पाहिल्या, माझ्या अक्षराची तारीफ केली, आणि दुसऱ्या दिवशी नियम काढला. तिन्ही मंडळी एकत्र जमतील तेव्हा कुणीही स्वतःच्या चर्चच्या खुर्चीवर बसायचं नाही! झालं. मी जीव ओतून काढलेल्या अक्षरांचा उपयोग एवढाच झाला, की मला कुठे बसता येणार नाही ते लांबूनच दिसायला लागलं. नियमाप्रमाणे बाईंसाठी आमची एक खुर्ची ठरली. ती खोलीच्या दाराशी वेगळी असे आणि तिच्यावर दुसरं कुणी बसत नसे.

त्या खुर्च्यांची खरी किंमत मला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, कळली. त्या साली शेवटचा पाऊस दगा देऊन गेला. धान निसवायला आलेला, बांध्या म्हणजे धानाची खाचरं भेगाळलेली. आम्हा शेतकऱ्यांना तलावाचं पाणी हवं होतं. मासे धरणाऱ्यांचं म्हणणं, पाणी सोडलं तर मासळी मरेल, मग वर्षभर आम्ही खायचं काय? दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण वाईट होतं. माझा दोन एकर धान त्याच पाण्यावर. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. रविवारी 'शत्रूवर प्रीती करा' हा उतारा मोठ्याने वाचणारा मी, मंगळवारी सकाळी हातात लाठी घेऊन पाळीवर उभा होतो. समोर सोमाभाऊ, त्याच्या हातात वल्हं. शिव्या देऊन झाल्या होत्या. आता पहिला फटका कोण मारतो, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात पाळीवरून एक वरात आली. पुढे सलोमीबाई, पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, हातात चहाची किटली. मागे डोक्यावर चार-चार खुर्च्या घेतलेले कॅथलिकांचे फादर, त्यांच्यामागे तेलुगू पास्टर, आणि सगळ्यात शेवटी, मान खाली घालून, आमचे पाळकसाहेब. बाईंनी तिघांनाही घरूनच बजावून आणलं होतं, "आज प्रवचन नाई. आज फक्त खुर्च्या उचलाच्या." तिघांनी खुर्च्या मांडल्या, त्याही आमच्या दोन टोळ्यांच्या बरोबर मधे, आणि स्वतः तिथेच उभे राहिले. फटका मारायचाच, तर आधी त्यांच्यावरून जावं लागणार होतं.

"काऊन उभे हा सारे?" बाई म्हणाल्या. "उभ्यानं भांडन लवकर पेटते. बसा अन् मंग भांडा. सोमा, ठेव ते वल्हं. तुयी नाळ म्या कापली, ते काय लोकायची डोकी फोडाले?"

निम्मी पाळ हसली. तिथल्या निम्म्या लोकांना बाईंनीच तर जगात आणलं होतं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, लाठी खाली ठेवा, नाई तं टेकता येनार नाई."

मी बसलो. एक शेतकरी, एक मासेवाला, असं एकाआड एक त्यांनी आम्हाला बसवलं. माझ्या शेजारी सोमाभाऊ. बसलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या अंगावर ओरडता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. दुपार टळेपर्यंत आम्ही भांडलो, पण बसून. सोमाभाऊ दोनदा म्हणाला, "बाई, तुमी बी बसा ना." त्यांचं उत्तर एकच, "मी बसली तं चहा कोन देईन?" शेवटी असं ठरलं, की आधी मोठी मासळी काढून घ्यायची, जाळं ओढायला शेतकऱ्यांनी हात लावायचा, मग पाणी सोडायचं, आणि मधल्या खोल डोहातलं पाणी कुणी मागायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा जाळं ओढलं आणि तोंडावर चिखलात पडलो. मला उचलायला पहिला धावला सोमाभाऊ. त्याच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलेलं. धान वाचला, डोहातली मासळी वाचली. आणि त्यानंतर आसपास कुठेही भांडण उठलं, बांधाचं असो की मोहाच्या झाडाचं, की लोक आधी खुर्च्यांना निरोप धाडत.

बाईंच्या अंत्यविधीला अंगण भरून खुर्च्या होत्या. कोण कुणाच्या खुर्चीवर बसलंय, हे बघायचं कुणाला सुचलं नाही. पण पंधरा दिवसांनी त्यांच्या पुतण्याने घर रिकामं करायचं म्हटलं, आणि आमच्या मंडळीच्या बैठकीत कुणीतरी बोललंच, "आपापल्या खुर्च्या आपापल्या घरी आणाव्या, हे बरं." कॅथलिकांकडेही तेच बोलणं झालं असं कानावर आलं. काम अर्थात माझ्याकडे आलं. अक्षर माझं ना! मी नाही म्हणालो नाही. इतक्या वर्षांचं बाईंचं काम मी एका सकाळी वेगळं करून टाकणार होतो.

मी आणि सोमाभाऊने खोली उघडली. एकात एक घातलेल्या खुर्च्या सोडवून उजेडात आणल्या. सोमाभाऊने विचारलं, "मास्तर, तुमच्या कोनत्या?"

मला सांगता येईना. निळं अक्षर नव्हतं, लाल क्रूस नव्हता, हिरवं काही नव्हतं. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी पाठी टेकल्या होत्या, की सगळा रंग झिजून गेला होता. कुठे निळसर डाग, कुठे तांबूस, बस. मी एकेक खुर्ची उलटीपालटी करून पाहिली आणि मला हसू फुटलं. मी बैठकीत जाऊन सांगितलं, ओळखून दाखवा आणि घेऊन जा. कुणी आलं नाही. आता सगळ्या खुर्च्या तलावाकाठी सोमाभाऊच्या जाळ्यांच्या खोलीत असतात. त्यांना मासळीचा वास येतो. फादर नाक मुरडतात, पण बसतात.

एक खुर्ची तेवढी ओळखू आली. दाराशी असायची ती. तिच्यावरचं 'म. मं.' काल लिहिल्यासारखं ताजं आहे, एक रेघसुद्धा पुसलेली नाही. बाई तिला कधी टेकल्याच नव्हत्या.

ती मी घरी आणली आहे. ओसरीवर ठेवली आहे. रोज संध्याकाळी तिच्यावर बसतो, चांगली पाठ टेकून.