पेन्सिलीच्या भुवया

वहिनी पार्लर चालवायच्या. हाताखाली धाकटी नणंद होती, ती दिवसभर "वहिनी, वहिनी" करायची, म्हणून सगळी गल्लीही त्यांना वहिनीच म्हणायची.

दिव्याखाली अंधार कसा असतो, ते मी शेजारी राहून त्यांच्याकडे बघून शिकले. केस गळायला लागले तेव्हा वहिनींनी भांग बदलला. कातडी कोरडी पडली, क्रीम चोपडलं. भुवयांची बाहेरची टोकं विरळ होत गेली, ती रोज सकाळी पेन्सिलीनं ओढली. हात सरावाचा, शंका कुणाला येणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

थकवा मात्र कशानं झाकायचा? भर उन्हाळ्यात त्या शाल गुंडाळून बसायच्या, गिऱ्हाइकाचे केस कापता कापता पेंगायच्या. आवाजही घोगरा झाला. चाळिशीतच "वय झालं माझं" म्हणत त्यांनी दुकान नणंदेच्या हवाली करायचं ठरवलं आणि किल्ली देऊन टाकली. वाईट नाही का वाटलं, असं मी विचारलं. म्हणाल्या, "रडायलासुद्धा अंगात त्राण लागतं गं." ते ऐकून मलाच वाईट वाटलं.

शेवटी नवऱ्यानं हट्टानं दवाखान्यात नेलं. तिथंही वहिनी नटूनथटून गेल्या. डॉक्टरीणबाई क्षणभर बघत राहिल्या. म्हणाल्या, "उद्या तोंड धुऊन या. भुवया घरी ठेवून या."

दुसऱ्या दिवशी सुजलेला चेहरा आणि अर्ध्या भुवया उजेडात आल्या. बाईंनी गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जे हार्मोन बनवते, तेच कमी पडत होतं. म्हणून अंगाचा सगळा कारभार मंदावला होता.

"मीठ कमी खाते मी, त्यानं झालं का?" वहिनींनी विचारलं.

"मिठातलं आयोडीन कमी पडूनही होतं. कुणाला ऑपरेशननंतर होतं, कुणाला एखाद्या औषधानं. तुमच्या बाबतीत, शरीराची राखण करणारी यंत्रणाच ग्रंथीवर उलटलीय."

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं."

"अगदी तसंच. आता रोज सकाळी रिकाम्या पोटी गोळी. बहुतेक जन्मभर."

नणंदेनं त्यांचा तो उघडा चेहरा पाहिला आणि मान खाली घातली. "अर्ध्या भुवया मला कधीच्या दिसत होत्या, वहिनी. वाटलं, कोरताना तुमचा हात चुकतोय. ज्यांनी शिकवलं त्यांची चूक कशी काढायची?"

काही महिन्यांनी वहिनी दुकानात आल्या. शाल नव्हती, पेन्सिलही नव्हती. भुवयांच्या टोकांना बारीक लव फुटली होती. नणंदेनं तोवर दुकान छान सांभाळलं होतं, पडदेही स्वतःच्या आवडीचे लावले होते. तिनं किल्ली काढून आरशापुढं ठेवली आणि उगाच कंगवे पुसत बसली.

वहिनींनी किल्ली उचलली, नणंदेच्या हातात ठेवली.

"हिच्यासारखी दुसरी करून आण. गोळी घेतल्यावर मला बराच वेळ उपाशी बसावं लागतं. सकाळी दुकान तूच उघड."