कोड क्लासमधली मारामारी

कॅनडातल्या सस्काटूनला इलेक्ट्रिशियन म्हणून कामाला लागलो, तेव्हा लायसन्स मिळालं की सुटलो असं वाटलं होतं. तसं नव्हतं. वायरिंगच्या नियमांचा नवा कोड आला की दिवसभराचा क्लास करायचा, शेवटी इन्स्ट्रक्टरची सही घ्यायची. ती नसेल तर लायसन्स रिन्यू होत नसे.

त्या विंटरमध्ये आम्ही वीसेक जण एका बेसमेंटमध्ये बसलो होतो. माझ्या शेजारी पन्नाशीतला, रुंद खांद्यांचा एक गोरा माणूस होता.

दुपारी इन्स्ट्रक्टरने पडद्यावर एका भाजलेल्या माणसाचा फोटो लावला. वीज चालू असलेलं पॅनल उघडताना स्फोट झाला होता. चेहरा राहिलाच नव्हता.

"ना ग्लोव्ह्ज, ना तोंडावर शील्ड," इन्स्ट्रक्टर हसत म्हणाला. "मूर्खपणाचं बक्षीस!"

दोघं-तिघं हसले. शेजारचा माणूस उठला. "दंडावरचं गोंदण बघ," तो म्हणाला. "माझा भाऊ आहे तो. ग्लोव्ह्ज मागितले होते त्याने. कंपनीने दिले नाहीत."

"मग कामाला नाही म्हणायचं होतं," इन्स्ट्रक्टर म्हणाला.

पुढचं क्षणात घडलं. त्याने पुढे जाऊन इन्स्ट्रक्टरची कॉलर धरली आणि त्याचं तोंड टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा. टेबलावर रक्त सांडलं. मी धावत जाऊन त्याला मागून घट्ट धरलं. त्याचं कोपर माझ्या ओठावर बसलं आणि दात हलला.

"सोड मला!" तो ओरडला.

आणि मी सोडलं. निसटला नाही, मीच हात सैल केले. मलाही ते हसणं सहन झालं नव्हतं. त्याने आणखी एक ठोसा मारला, आणि हाड मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. मग चौघांनी मिळून त्याला जमिनीवर दाबलं. तो रडत होता.

इन्स्ट्रक्टरचा जबडा तारांनी बांधावा लागला. त्या माणसाला कोर्टात शिक्षा झाली. आमचा क्लास रद्द धरला गेला. सगळ्यांना तो पुन्हा करावा लागला.

पोलिसांनी मला विचारलं, "तुम्ही तर त्याला धरलं होतं ना?"

"हात निसटला," मी म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं. खरं काय ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.